सुईवरचा नकाशा

शंकेखोर : काका, तुमची डॅटसन २४०-झेड १९७२ची आहे. चोवीसशे सीसी, एका रांगेत सहा सिलिंडर, आणि हिताचीने ब्रिटिश एसयूच्या पद्धतीवर बनवलेले दोन कार्बोरेटर, अगदी कारखान्यातून आले तसे. इथे आखातात या गाड्यांचं काय होतं ते तुम्हीच मला दाखवलंय. कुणी त्यात अमेरिकन व्ही-एट कोंबतो, कुणी टर्बो लावतो आणि मग उरलेली गाडी त्या इंजिनासाठी कापत सुटतो. तुमची यातून वाचली. आणि आता तुम्हीच म्हणताय की दोन्ही कार्बोरेटर उतरवून इंजेक्टर, उच्च दाबाचा पंप, चार-पाच सेन्सर आणि एक काळा डबा बसवायचा. मला आधी बिघाड कोणता ते सांगा. गेल्या डिसेंबरात आपण हत्ताला गेलो तेव्हा गाडी नुसती पळत नव्हती, गात होती.

हौशी : डिसेंबरात सगळेच गातात. तू जुलैत ये. संध्याकाळी सहाला दुबईहून शारजाला निघ आणि नॅशनल पेंट्सच्या पुलाखाली अडकून बघ. बाहेर पंचेचाळीस, पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, आणि बॉनेटखाली भट्टी. पेट्रोल हा पाण्यासारखा एकजात द्रव नसतो. त्यात हलके-जड अनेक घटक असतात आणि त्यातले हलके तर चाळीसच्या आगेमागेच उकळायला लागतात. त्यात या इंजिनाची रचना अशी की सायलेन्सरकडे जाणारा मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटर एकाच अंगाला, एकावर एक. चुलीवर पातेलं ठेवावं तसे माझे दोन कार्बोरेटर त्याच्यावर बसलेत. फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल बुडबुडायला लागतं. पंप इंजिनाच्या डोक्यावर, इंजिनाच्याच जोरावर चालणारा आणि टाकीतून पेट्रोल ओढून घेणारा. ओढलं की दाब कमी होतो, दाब कमी झाला की द्रव आणखी लवकर उकळतो. म्हणजे पंप पेट्रोल ओढायला जातो आणि वाफ ओढतो. गाडी दोनदा शिंकते आणि बसते.

आणि चालताना बसली तर नशीब म्हणायचं. खरी फजिती थांबल्यावर होते. करक चहाला दहा मिनिटं थांबायचं म्हणून गाडी बंद केली की पंखा थांबतो, वारा थांबतो, आणि पुढची पंधरा-वीस मिनिटं सगळी उष्णता वर चढत राहते. चहा संपतो, किल्ली फिरवली की स्टार्टर नुसता कण्हतो. आजूबाजूचे लोक मोबाइल काढून फोटो घेतात. मे ते सप्टेंबर ही गाडी ताडपत्रीखाली असते. वर्षाचे पाच महिने जी गाडी चालत नाही तिला चालणारी गाडी म्हणायची का, एवढं सांग.

शंकेखोर : तुम्ही जे वर्णन केलंत त्यात कार्बोरेटरचा दोष किती? ऐकताना माझ्या डोक्यात एकच म्हण फिरत होती : आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. इथे तर ती अक्षरशः खरी होतेय. आजार आहे पंपाच्या जागेत, नळीच्या वाटेत आणि मॅनिफोल्डच्या उष्णतेत. टाकीजवळ, गाडीच्या मागच्या अंगाला कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप लावा. तो ओढणार नाही, ढकलेल, मग नळीत वाफ धरायचं कारणच कमी होतं. परतीची नळी मोकळी ठेवा, म्हणजे पेट्रोल एका जागी तापत न बसता फिरत राहील. कार्बोरेटरखाली उष्णता अडवणारी जाड गॅस्केट घाला, खाली ॲल्युमिनियमचा पत्रा, मॅनिफोल्डला गुंडाळी. इंजेक्शनच्या सामानात तुम्ही ज्याचे पैसे मोजणार आहात त्यातलं अर्धं हेच, पंप आणि परतीची नळी. ते कार्बोरेटरलाच दिलं तर?

शिवाय इंजेक्शनला उष्णता बाधत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं? इंजेक्टरही त्याच मॅनिफोल्डवर, त्याच चुलीवर बसणार. निसानने स्वतः २८०-झेडएक्सला इंजेक्टरांवर वारा घालायला वेगळा पंखा बसवला होता, गाडी बंद झाल्यावरही फिरणारा. कशाला? तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होऊन गाडी सुरू होईना म्हणून. तुमचाच रोग, महागड्या दवाखान्यात.

हौशी : पंख्याचं खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण दाबाचा फरक विसरू नकोस. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उघड्या हवेच्या दाबाखाली असतं. इंजेक्शनच्या नळीत तीन बारच्या आसपास दाब असतो, म्हणजे हवेच्या दाबाहून तीन पट जास्त. प्रेशर कुकरचंच तत्त्व. तिथे पेट्रोलला उकळायला कितीतरी जास्त तापावं लागतं. आणि समजा झालीच थोडी वाफ, तर किल्ली फिरवल्यावर पंप दोन सेकंद घरघरतो आणि ती वाफ परतीच्या नळीने टाकीत ढकलून देतो. माझ्या वाटीतल्या वाफेला जायला जागा म्हणजे थेट इंजिनाच्या घशात. मग मिश्रण इतकं दाट होतं की प्लग ओले.

तुझा पंप, तुझी गॅस्केट, तुझा पत्रा, सगळं मान्य. त्याने जुलै सुसह्य होईल. पण त्याने मिश्रण सुधारत नाही. पूर्ण जळायला एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. कार्बोरेटर वजन मोजत नाही, हवेचा वेग बघून पेट्रोल सोडतो. हवा पातळ झाली तरी तो त्याच उत्साहाने ओततो. जेबेल जैसचा रस्ता चढून दीड हजार मीटरवर गेलीस की हवेची घनता किनाऱ्यावरच्या सुमारे ८६ टक्के उरते आणि मिश्रण सहा-सात टक्क्यांनी दाट होतं. जानेवारीत वीस अंशांना ट्यूनिंग केलेली गाडी जुलैत पंचेचाळीसमध्ये आणखी चार टक्क्यांनी दाट चालते. इंजेक्शनमध्ये हवेचं तापमान मोजणारा सेन्सर, दाब मोजणारा सेन्सर, सायलेन्सरमध्ये ऑक्सिजन मोजणारा सेन्सर. चूक झाली की पुढच्याच फेऱ्यात दुरुस्त.

शंकेखोर : चार टक्के! इंजिन साडेबारापासून साडेचौदापर्यंत खुशाल चालतं हे तुम्हीच मला शिकवलंय. तुमचे चार टक्के त्यात बुडून जातात. जैस चढताना काळा धूर थोडा जास्त निघेल, पिकअप थोडा कमी होईल. तुम्ही तिथे शर्यत लावायला जाता का?

हौशी : शर्यत नाही, पण इंजिन जगवायला जातो. दाट मिश्रणातलं न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑईल धुऊन नेतं. पन्नास वर्षांचे रिंग आणि पन्नास वर्षांच्या भिंती, त्यांना ही धुलाई रोज कशाला? आणि पेट्रोल हे स्थिर राहणारी गोष्ट आहे असं समजून आपण बोलतोय. पुण्यात भावाकडे आमची वडिलांची फियाट आहे. भारतात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येतं, म्हणजे तेवढ्याच पेट्रोलला हवा कमी लागते. कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर ती गाडी एकदम पातळ चालायला लागली, मिसिंग, गरम होणं, सगळं. रबरी नळ्या फुगल्या त्या वेगळ्याच. पितळी जेटला काय माहीत तेलकंपनीने टाकीत काय घातलं ते? जेटचं भोक १९७२मध्ये ज्या पेट्रोलसाठी पाडलं ते पेट्रोल आता जगात कुठेच नाही. तुझा मूळपणा अर्ध्यावर आलाच आहे, फक्त तुला बॉनेट उघडल्यावर तो दिसत नाही.

शिवाय हे मी काही परक्याचं रक्त चढवत नाहीये. याच गाडीच्या घराण्यात हा बदल झालाय. १९७५ला अमेरिकेसाठी २८०-झेड आली ती बॉशच्या एल-जेट्रॉनिक इंजेक्शनसहच. इंजिन हेच, एल मालिकेचं, थोडं मोठं. २४०-झेडचे शेवटचे आणि २६०-झेडचे चपट्या डोक्याचे कार्बोरेटर उन्हात इतके उकळायचे की लोक ते काढून आधीच्या वर्षांचे गोल डोक्याचे लावायचे. निसानने त्यावर उत्तर शोधलं. मी तीन वर्षं उशिरा जन्मलेल्या बहिणीचं औषध थोरलीला देतोय.

शंकेखोर : अर्धी गोष्ट सांगितलीत. इंजेक्शनवाली २८०-झेड अमेरिकेसाठी होती. युरोपात त्याच वर्षांत २६०-झेड कार्बोरेटरवरच विकली जात होती. म्हणजे निसानच्या इंजिनिअरांना कार्बोरेटर वाईट वाटला म्हणून नव्हे, अमेरिकेतले धुराचे कायदे आवळले म्हणून. ते चपट्या डोक्याचे कार्बोरेटरही त्या कायद्याचंच अपत्य. गोल डोक्याच्यांना कुणी शिव्या दिल्या नव्हत्या. आपल्याकडेही तेच झालं. मारुती ८००च्या मागे २०००च्या सुमारास इंजेक्शनची एमपीएफआय ही अक्षरं आली ती प्रदूषणाच्या नियमांमुळे. बुलेटचा कार्बोरेटर २०२०च्या एप्रिलला बीएस-सहाने काढला. तुमच्या गाडीला कुठलाच कायदा बोलावत नाहीये. तुम्ही स्वेच्छेने चाललाय.

आणि घराण्याचा इतिहास काढायचाच तर पूर्ण काढा. १९५८मध्ये क्रायस्लरने आपल्या मोठ्या गाड्यांवर बेंडिक्सचं इलेक्ट्रोजेक्टर बसवलं. जगातलं विक्रीला आलेलं पहिलं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन. ३५ गाड्यांना लागलं. आणि त्यातल्या बहुतेकांना कंपनीनेच परत कार्बोरेटर बसवून दिले, कारण तो डबा धड चालेना. काका, पहिलं परिवर्तन इंजेक्शनकडून कार्बोरेटरकडे झालंय!

हौशी : हे मात्र मजेशीर आहे. पण त्याच बेंडिक्सच्या पेटंटांवरून बॉशने पुढे डी-जेट्रॉनिक केलं, १९६७ला फोक्सवॅगन १६००ला लावलं, आणि ते चाललं. पहिल्या दिवशी कुठलं यंत्र चाललंय? आणि स्पोर्ट्स कारची म्हणशील तर मर्सिडीज ३००-एसएल घे. १९५२ला ल मान्स जिंकणाऱ्या ३००-एसएलला कार्बोरेटर होते. १९५४ला ग्राहकाला विकली त्या ३००-एसएलला बॉशचं यांत्रिक इंजेक्शन. शर्यतीची गाडी मागे आणि दुकानातली पुढे. आज त्या गाडीला कुणी ‘आत्मा गेलेली’ म्हणतं का? तिचे पंखासारखे उघडणारे दरवाजे बघायला लोक रांगा लावतात.

शंकेखोर : त्याच गाडीचा पंप किल्ली बंद केल्यावरही इंजिन थांबेपर्यंत पेट्रोल मारत राहायचा आणि तुम्ही आत्ता ज्याची भीती घातलीत तेच व्हायचं : भिंतीवरचं ऑईल धुतलं जायचं, पेट्रोल ऑईलमध्ये उतरायचं. असो. मी तुम्हाला उदाहरणांनी हरवायला बसले नाहीये, तुमच्याकडे माझ्याहून दुप्पट आहेत.

माझं म्हणणं वेगळं आहे. मागच्या वर्षी तुम्ही मला एसयूची घुमटी उघडून दाखवलीत. हवा वाढली की आतला पिस्टन उचलला जातो, त्याच्या तळाशी निमुळती पितळी सुई, ती जेटमधून जितकी वर येईल तितकी फट मोठी. तुम्ही म्हणालात, या सुईची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात घासलेली असते, कुठल्या उंचीला किती हे ठरवून. मी त्या सुईवरून बोट फिरवलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा नकाशा आहे. तुमच्या काळ्या डब्यात सोळा गुणिले सोळा असा आकड्यांचा तक्ता असतो, दोनशे छप्पन खाने, कुठल्या फेऱ्यांना आणि कुठल्या भाराला किती पेट्रोल. तेच सगळं त्या सुईच्या उतारावर कोरलंय. ज्या स्किनर बंधूंनी ही पद्धत काढली त्यांच्या घरचा धंदा बुटांचा होता, आणि पहिल्या कार्बोरेटरमध्ये पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता होता म्हणतात. चामडं, पितळ, हवा. भिंग आणि मायक्रोमीटर असेल तर शंभर वर्षांनीही कुणी ती सुई वाचू शकेल. तुमचा तक्ता वाचायला काय लागेल? तोच लॅपटॉप, तीच केबल, तेच सॉफ्टवेअर, त्याच आवृत्तीचं.

मी दिवसभर इमारतींच्या चिलरचे कंट्रोलर सांभाळते. बारा वर्षांपूर्वी बसवलेला कंट्रोलर गेला की उत्तर ठरलेलं : ते मॉडेल बंद झालं, नवं घ्या, आणि नव्याबरोबर सेन्सरही नवे घ्या, कारण जुने त्याला बोलत नाहीत. बारा वर्षं! तुमची सुई पन्नास वर्षांची आहे आणि आजही तिला कुणी विचारत नाही की तुझी आवृत्ती कोणती. १९७५च्या २८०-झेडच्या मूळ डब्याचं काय झालं ते बघा. गेला की लोक जुन्या बाजारात दुसरा तेवढाच जुना शोधत फिरतात. इलेक्ट्रॉनिक्सबद्दल माझी तक्रार ते नवं आहे ही नाही. ते फार लवकर जुनं होतं.

हौशी : सुई वाचता येते म्हणालीस. वाचणार कोण?

तू उस्तादला पाहिलं नाहीस. शारजाच्या सनाइयात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, पाचव्या गल्लीत, एका शटरच्या आत. सियालकोटचा. त्याच्याकडे ना व्हॅक्यूम गेज, ना काही. हातभर रबरी नळी. एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. आधी पुढचा, मग मागचा. दोन्हीकडचा सुस्कारा एका पट्टीत येईपर्यंत स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. मग बोटाने पिस्टन किंचित उचलून इंजिनाचा आवाज ऐकायचा. आवाज चढला आणि चढलाच राहिला तर दाट, पडला तर पातळ, किंचित चढून बसला तर बरोबर. पंधरा मिनिटांत गाडी अशी लागायची की रेडिएटरवर उभं ठेवलेलं नाणं पडू नये. बावीस वर्षं मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

तीन वर्षांपूर्वी तो गेला. वर नव्हे, घरी. वय झालं, स्पॉन्सरने व्हिसा वाढवला नाही, गुडघे गेले होतेच. शटर आता टायरवाल्याकडे आहे. त्यानंतर मी चार ठिकाणी गेलो. दोघांनी कार्बोरेटर म्हटल्यावर हात जोडले. तिसऱ्याने स्क्रू असे फिरवले की प्लग काजळीने भरले. चौथा चांगला होता, वयस्कर, केरळचा. तो म्हणाला, सर, डिसेंबरात मीही जातोय. तुझी सुई उत्तम ग्रंथ आहे, पण लिपी येणारी माणसं एकेक करून विमानात बसतायत. या देशात माणूस कायमचा राहत नाही, हे आपल्याला रोज दिसतं आणि तरी आपण ते गाडीच्या बाबतीत विसरतो. पुण्यात मिस्त्री म्हातारा झाला तर त्याचा पोरगा, नाहीतर पुतण्या, कुणीतरी त्याच टपरीत बसतो. इथे पोरगा सियालकोटात मोबाइलचं दुकान चालवतो. बापाचा कान त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही.

मी तक्ता का मागतो, कळलं? तो कानात राहत नाही. फाइलमध्ये राहतो.

शंकेखोर : फाइल कुणाच्या लॅपटॉपमध्ये?

हे मी टोमणा म्हणून विचारत नाही. तुम्ही अल कूझच्या कुठल्यातरी चकचकीत ठिकाणी गाडी द्याल. तिथे एक तरुण ट्यूनर असेल, हुशार, रोलरवर गाडी चढवून दोन दिवसांत सुंदर तक्ता भरून देईल. आणि त्यावर पासवर्ड टाकेल, कारण त्याची विद्या तो फुकट का वाटेल? दोन वर्षांनी सेन्सर बदलायचा म्हणून तुम्ही जाल तर तो मेलबर्नला गेलेला असेल. उस्ताद गेला तेव्हा निदान सुई मागे राहिली आणि तीन वर्षं तुम्ही रडतखडत का होईना गाडी चालवलीत. ट्यूनर गेला तर मागे एक कुलूप राहील. व्हिसा दोघांचाही संपतो, काका.

आणि बाकीचं कुणी सांगितलं का? जुन्या टाकीत आडवे पडदे नाहीत. जेबेल हफीतच्या साठ वळणांवर पेट्रोल एका कोपऱ्यात जाईल आणि पंप हवा ओढेल. कार्बोरेटरच्या वाटीत तेवढ्यापुरता साठा असतो, इंजेक्शनला क्षणभराची हवासुद्धा चालत नाही. म्हणजे वेगळी छोटी टाकी, दुसरा पंप. पॉइंटवाल्या जुन्या इग्निशनचा गोंगाट सेन्सरच्या तारांत घुसतो, म्हणजे इग्निशनही बदला. पंप आणि डबा मिळून वीज जास्त खाणार, म्हणजे आल्टरनेटर बघा. आणि तीन बारच्या नळीला पीळ पडून भोक पडलं तर ते ठिबकत नाही, फवारतं, तापलेल्या मॅनिफोल्डवर. तुमचा जुना पंप इंजिन थांबलं की थांबतो; नवा पंप इंजिन थांबल्यावर, अपघातानंतर, बंद व्हावा यासाठी वेगळी सोय करावी लागते. एक धागा ओढला की अख्खा स्वेटर उसवतो.

हौशी : आगीचं तू बरोबर बोललीस, ते मी वहीत लिहून घेतलंय, अपघात झाला की पंप तोडणारा स्विच बसवल्याशिवाय पहिली किल्ली फिरवणार नाही. टाकीचंही. पण कुलुपाचं उत्तर आहे. मी चकचकीत ठिकाणी जाणारच नाही. २००१ला बाउलिंग आणि ग्रिपो नावाच्या दोघा अमेरिकनांनी मेगास्क्वर्ट नावाचा संच काढला, घरी बसून सोल्डर करायचा. त्याचा तक्ता कुणीही उघडतो, कुणीही बदलतो. मी तो कागदावर छापून, प्रत्येक तारेचा रंग लिहून, गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवणार. उस्तादने एक ओळ लिहून ठेवली नाही. मी वही ठेवीन.

शंकेखोर : मग मूळपणाचं बोलू. ‘फिवा’ ही जुन्या गाड्यांची जागतिक संघटना तीस वर्षांहून जुनी आणि ऐतिहासिकदृष्ट्या अचूक अवस्थेत राखलेली गाडीच ऐतिहासिक मानते. भारताने २०२१ला व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात, चॅसी-बॉडी-इंजिनात मोठा बदल न केलेली, तर व्हीए अक्षरांचा नंबर. तुमच्या गाडीने पन्नास ओलांडलीत. उद्या ती कुणा जाणकाराच्या हातात गेली आणि त्याने बॉनेट उघडलं, तर तो काय म्हणेल?

हौशी : बॉनेट उघडल्यावर त्याला आधी एसीचा कॉम्प्रेसर दिसेल, जो कारखान्याने लावलाच नव्हता. मग मोठा रेडिएटर दिसेल. आणि खाली रेडियल टायर, आजच्या रबराचे. इथल्या एकाही जुन्या गाडीच्या मालकाला एसीची लाज वाटत नाही. का? कारण त्याशिवाय इथे बायको गाडीत बसत नाही. रेषा कुठे ओढायची हे हवामानाने आधीच ठरवलंय, आपण फक्त ती आपल्या आवडत्या भागाच्या अलीकडे सरकवतो. तुला कार्बोरेटर आवडतो म्हणून रेषा कार्बोरेटरच्या अलीकडे.

हां, एक गोष्ट मला खटकते ती सांगतो. इंग्लंडात जेनव्ही नावाची कंपनी वेबर कार्बोरेटरसारखी हुबेहूब दिसणारी इंजेक्शनची नळकांडी बनवते. बाहेरून तोच साज, आत इंजेक्टर. मी ते घेणार नाही. लपवायचं कशाला? जे केलं ते उघड दिसू दे.

शंकेखोर : मला तर उलट वाटलं होतं की तुम्ही तेच घ्याल आणि मी त्यावर भांडेन. बरं, माझ्या आवडीचं म्हणालात ना, ते मान्य. पण माझी आवड दिसण्याची नाही. तुमच्या गाडीत बसलं की चोक ओढायचा, दहा सेकंद थांबायचं, आवाज ऐकून चोक अर्धा आत ढकलायचा. त्या दहा सेकंदांत मला कळतं की बाहेर किती गरम आहे, गाडी काल चालली होती की महिनाभर उभी होती. माझ्या रोजच्या गाडीत मी बटण दाबते आणि काहीच कळत नाही. माझं सगळं आयुष्य कुणीतरी आधीच भरून ठेवलेल्या तक्त्यावर चाललंय. तुमच्याकडे एकच यंत्र आहे जे मला काहीतरी विचारतं.

हौशी : हे तू बोलतेस कारण तुझ्यासाठी ती शनिवार सकाळची मौज आहे. मी १९९४ला या देशात आलो तेव्हा माझी रोजची गाडी कार्बोरेटरची होती. ऑगस्टच्या दुपारी मागे तान्हं मूल, आणि गाडी अल ऐनच्या रस्त्यावर वाळूच्या मधोमध बंद. बॉनेट उघडून मी पंपावर ओलं फडकं टाकायचो, पिण्याचं पाणी त्यावर ओतायचो आणि वाट बघायचो. यंत्राने विचारलेला प्रश्न तुला गोड वाटतो, कारण तुझ्याकडे उत्तर द्यायला वेळ आहे. ज्याला उत्तर द्यावंच लागतं त्याला विचार.

शंकेखोर : ते मला माहीत नव्हतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण एक सुचतं. मधला रस्ता म्हणून नाही, तर भांडण नीट मांडायला. ऑक्सिजनचा सेन्सर आणि त्याचा काटा कार्बोरेटरवरच्या गाडीलाही लावता येतो. सायलेन्सरला एक बोल्ट जोडायचा, बस. आधी पंप मागे हलवा, पत्रा लावा, गुंडाळी करा, आणि एक उन्हाळा तो काटा बघत चालवा. जैस चढताना तुमचे सहा टक्के खरंच दिसतात का? जुलैत चार दिसतात का? उस्तादचा कान गेला. त्या कानाच्या जागी डोळा बसतो का ते बघू. मग जे काढाल ते निदान मोजून काढाल.

हौशी : आणि काटा म्हणाला की सगळं ठीक आहे, तर?

शंकेखोर : तर मी जिंकले.

हौशी : नाही. तर एवढंच कळलं की पन्नास वर्षांची सुई आणि मागे बसवलेला पंप मिळून एक उन्हाळा निघतो. दोन्ही कार्बोरेटर एका सुरात आणणारा माणूस त्या काट्यातून निघत नाही. काटा दोघांची सरासरी सांगतो. पुढचा दाट आणि मागचा पातळ असेल तर बरोब्बर मधे उभा राहतो आणि मला फसवतो. नळी शेवटी कानालाच लावावी लागते.

शंकेखोर : मग मला शिकवा. तुम्ही बावीस वर्षं उस्तादच्या शेजारी उभे होतात, काहीतरी तर तुमच्या कानात उरलं असेल.

हौशी : उरलंय थोडं. पण तू शिकलीस तर इंजेक्शन बसवायचं माझं अर्धं कारण गेलं.

शंकेखोर : आणि मी शिकून निघून गेले तर? कॅनडाचा अर्ज केलाय मी. फेब्रुवारीत. घरी अजून सांगितलं नाही.

हौशी : मिळेल?

शंकेखोर : मिळेल बहुतेक.

हौशी : शनिवारी सहाला ये, ऊन चढायच्या आत. रबरी नळी माझ्याकडे आहे, उस्तादचीच. मागचा पंप मी आज मागवतो, तो तर दोन्हीकडे लागतोच. आणि तो मेगास्क्वर्टचा संच टोपलीत आहे, तो काढत नाही मी.